तलाव पाहावा कसा?

दिवाळी सरते, धानाची कापणी संपत येते आणि पूर्व विदर्भातील सकाळी धुक्याने भरू लागतात. उन्हाचा ताप ओसरलेला असतो, पावसाळ्यातील चिखल वाळलेला असतो. पायी हिंडण्यास वर्षभरात याहून सोईचा काळ दुसरा नाही. याच दिवसांत शाळाशाळांतून सहलीच्या गोष्टी निघू लागतात. गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांत सहल म्हटली, की बहुधा एखाद्या तलावाचेच नाव पुढे येते. कारण तलावांचा एवढा दाट पसारा महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळतो. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, शिवनीबांध अशी काही नावे दूरवर पोहोचली आहेत. परंतु ज्यांची नावे गावाबाहेर कोणास ठाऊकही नाहीत, असे कितीतरी लहानमोठे तलाव या प्रदेशात पसरलेले आहेत.

तलाव पाहावयास पुष्कळ लोक जातात. तलाव पाहून मात्र थोडेच परत येतात. मोटारगाडी पाळीपाशी येऊन थांबते. माणसे खाली उतरतात, पाण्याकडे पाठ करून छायाचित्रे काढून घेतात, बरोबर आणलेला फराळ करतात, मोठ्या आवाजात गाणी लावतात आणि घटका-दोन घटकांत निघूनही जातात. मागे राहतात त्या कागदी बशा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रिकाम्या बाटल्या. घरी गेल्यावर ‘तलाव कसा होता?’ असे कोणी विचारले, तर ‘मोठा होता, पाणी पुष्कळ होते’ यापलीकडे त्यांस काही सांगता येत नाही. या लोकांस दोष देण्यात अर्थ नाही. तलाव कसा पाहावा, हे त्यांस कोणी कधी शिकविलेलेच नसते.

पाहणे ही शिकावयाची गोष्ट आहे, असे म्हटले तर कित्येकांस हसू येईल. डोळे उघडे असले म्हणजे झाले, त्यात शिकावयाचे ते काय, असे ते म्हणतील. पण वाचता न येणाऱ्या मनुष्यासही पुस्तकातील अक्षरे दिसतात. ती दिसतात म्हणून त्यास पुस्तक कळते असे नाही. तलावाचेही तसेच आहे. ज्यास केवळ पाणी दिसले, त्यास तलाव अर्धाच दिसला. तो कोणी बांधला, तो कोणाच्या कामी येतो आणि त्याच्या आश्रयास कोण कोण येते, हे ज्याने पाहिले, त्याने तलाव पुरता पाहिला. अशा पाहण्यावरच पुष्कळ अंशी या तलावांचे पुढील आयुष्य अवलंबून आहे.

प्रथम पाहावयाची ती पाळ. सरोवर आणि तलाव यांत एक मोठा भेद आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आकाशातून कोसळलेल्या अशनीच्या आघाताने निर्माण झाले. ते कोणा मनुष्याने खणले नाही. पूर्व विदर्भातील तलाव मात्र माणसांनी बांधले. या कामात कोहळी समाजाची विशेष ख्याती होती. जमिनीचा उतार कोठे आहे, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने वाहत येते आणि कोणत्या दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घातला असता ते अडेल, हे ओळखण्यात कोहळी तरबेज असत. तलाव बांधणाऱ्यास गोंड राजे जमीन देऊन प्रोत्साहन देत. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी बांधला, असे परंपरेने सांगतात. या तलावाभोवतीच्या टेकड्यांस लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. त्या काळी यंत्रे नव्हती. कुदळी, फावडी आणि मातीने भरलेल्या टोपल्या डोक्यावरून वाहणारी असंख्य माणसे, एवढीच काय ती सामग्री. त्या माणसांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. परंतु त्यांनी घातलेली माती आजही पाणी अडवून उभी आहे. पाळीवर पाऊल ठेवणाऱ्याने निदान एकदा तरी या अनामिक हातांची आठवण करावी.

पाळीवरून चालत गेले, म्हणजे तिच्या एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस शेते दिसतात. ही शेते पाण्याच्या पातळीहून खाली असतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाळीतून पाणी सोडण्याची वाट असते. या भागात तिला तुडुम म्हणतात. ती उघडली, की पाणी आपल्याच भाराने पाटांतून शेतांत उतरते. त्यास पंप लागत नाही, वीज लागत नाही. तलाव काठोकाठ भरला, की जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाते आणि पुष्कळदा खालच्या अंगाच्या दुसऱ्या तलावात जाऊन मिळते. पाण्याचा काही भाग जमिनीत मुरतो आणि गावच्या विहिरींस उन्हाळ्यातही ओल पुरवितो. अशा रीतीने आकाशातून पडलेले पाणी समुद्राकडे धावत सुटण्यापूर्वी गावातल्या गावात चार कामे करून जाते.

या तलावांपैकी बहुतेकांस ‘मामा तलाव’ म्हणतात. हे नाव ऐकून परगावच्या मुलांस मौज वाटते. हा मामा कोणाचा? खरे पाहता ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांपासून हे नाव झाले आहे. पूर्वी गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराकडे तलावाची मालकी असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली हे इष्टच झाले. परंतु पूर्वी गाळ काढणे, पाळ नीट करणे ही कामे जी गावकी एकत्र येऊन करी, ती सवय मात्र पुष्कळ ठिकाणी हळूहळू मोडली. जे सर्वांचे, ते कोणाचेच नव्हे, असा हा प्रकार झाला. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले. तलावाचे नाव मामा. पण त्याची विचारपूस करणारे भाचे मात्र कमी झाले, असे म्हणावे लागते.

पाळीनंतर पाहावयाची ती पहाट. तलाव पाहावयाचा तर सूर्योदयापूर्वी तेथे पोहोचले पाहिजे. पूर्व विदर्भात हिवाळ्यातील पहाटे पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. अंगावर शाल असली तरी हात गारठतात, बोलताना तोंडातून वाफ निघते. तशीच वाफ तलावाच्याही अंगावरून निघताना दिसते. रात्री हवा लवकर निवते, पाणी मात्र हळूहळू निवते. उबदार पाण्यावरून उठणारी वाफ थंड हवेत शिरताच तिचे बारीक तुषार होतात आणि तलावावर धुक्याची दुलई पसरते. उन्हे वर आली, की ही दुलई विरळ होत जाते आणि तिच्या आतून एकेक आवाज, मग एकेक आकृती प्रकट होऊ लागते. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसतो. क्षणात बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येणारी पाणडुबी दिसते. काळ्या अंगाचे, कपाळी पांढरा गंध लावल्यासारखे दिसणारे पक्षी थव्याथव्याने पोहत असतात. त्या गंधामुळेच मराठी माणसांनी त्यांस ‘वारकरी’ असे गोड नाव दिले आहे.

त्यांच्या पलीकडे उघड्या पाण्यात बदकांचे थवे असतात. तांबूस-नारिंगी रंगाचा चक्रवाक, टोकदार शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारख्या रुंद चोचीचा थापट्या, हे सारे हिवाळ्याचे पाहुणे होत. मध्य आणि उत्तर आशियात हिवाळ्यात तळी गोठतात, जमीन बर्फाखाली झाकली जाते आणि अन्न मिळेनासे होते. तेव्हा हे पक्षी हजारो किलोमीटर उडत भारतात येतात. पट्टकादंब हंस तर तिबेट आणि मंगोलिया येथील उंच सरोवरांच्या काठी घरटी करतात आणि हिमालय ओलांडून दक्षिणेकडे उतरतात. त्यांच्या अंगावर बसविलेल्या लहान यंत्रांवरून असे दिसून आले आहे, की हे हंस कधीकधी सात हजार मीटरांहूनही उंच उडतात. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते, की माणसास चार पावले चालतानाही धाप लागते. हंसांचे रक्त मात्र विरळ हवेतूनही प्राणवायू शोषून घेण्यास विशेष समर्थ असते. मध्य भारतातील जलाशयांवरही या हंसांचे थवे उतरतात.

एवढ्या दुरून हे पाहुणे येथे का येतात, याचा विचार केला म्हणजे तलावावर कसे वागावे, हे निराळे सांगावे लागत नाही. ते येथे मौजेसाठी येत नाहीत. पोट भरण्यासाठी येतात. हिवाळा संपत आला, म्हणजे परतीच्या प्रवासाची शिदोरी त्यांस आपल्या अंगातच साठवावी लागते. जो दिवस शांतपणे चरण्यात जातो, तो त्यांच्या जमेस पडतो. ज्या दिवशी वारंवार उडावे लागते, तो खर्ची पडतो. काठावरून कोणी दगड भिरकावला, आरोळी दिली अथवा कर्णा लावला, की सारा थवा एकदम आकाशात उठतो. पाहणाऱ्यास ते दृश्य मोठे सुंदर वाटते. काही लोक तर छायाचित्रासाठी मुद्दाम पक्षी उडवितात. परंतु पाहणाऱ्याची क्षणाची करमणूक होते, तेव्हा त्या पक्ष्यांच्या गाठीची थोडी शिदोरी सांडलेली असते. एका टोळक्याने एकदा उडविले तर एक वेळ चालून जाईल. पण सुटीच्या दिवशी अशी दहा टोळकी येतात आणि प्रत्येक जण आपण एकदाच उडविले असे म्हणतो. मग ते पक्षी दुसरे पाणी शोधू लागतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. शाळेच्या चार भिंतींतून मुले वर्षातून एकदा बाहेर पडतात. त्या दिवशीही त्यांस गप्प बसा, हळू चाला, असेच सांगावयाचे असेल, तर ती सहल कसली? आनंदावाचून सहल व्यर्थ आहे, यात शंका नाही. तथापि शांतता आणि आनंद यांचे वैर आहे, हे मात्र खरे नव्हे. लपंडाव खेळताना मुले श्वास रोखून बसतात. तेव्हा त्यांस कंटाळा येतो काय? काठावरच्या झुडपाआड दहा मिनिटे न हलता बसल्यावर एखादा कमळपक्षी निर्धास्तपणे जवळ येतो, तेव्हाचा आनंद ज्याने एकदा चाखला, त्यास कर्ण्याच्या गोंगाटात गोडी वाटत नाही. शिवाय धावण्यासाठी मैदान आहे, ओरडण्यासाठी माळ आहे, गाण्यासाठी गावची शाळा आणि देवळाचे आवार आहे. सहलीच्या दिवशी सकाळचे दोन तास तलावाचे आणि उरलेला दिवस खेळाचा, अशी वाटणी केली तर कोणाचेच नुकसान होत नाही.

नौकाविहाराविषयीही हाच विचार लागू पडतो. पाण्यात नाव लोटावी असे कोणास वाटणार नाही? वल्ह्यांची नाव काठाकाठाने, पक्ष्यांपासून दूर हाकली तर फारसे बिघडत नाही. परंतु यंत्राची नाव घरघरत थव्याच्या मधोमध घालणे म्हणजे जेवणाऱ्यांच्या पंगतीतून गाडी हाकण्यासारखे आहे. जेथे पाहुण्या पक्ष्यांचा मुक्काम आहे, तेथे हिवाळ्यापुरती तरी यंत्राची नाव बंद असावी. तलाव मोठा असेल तर एक भाग नावेसाठी आणि एक भाग पक्ष्यांसाठी राखून ठेवता येईल.

पाहुण्यांची गोष्ट झाली. आता घरच्या पक्ष्याकडे वळावयास हवे. सारस हा येथील कायमचा रहिवासी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असा हा पक्षी. राखाडी अंग, तांबडे डोके, लांबसडक पाय आणि जवळजवळ सहा फूट उंची. तो झाडावर बसत नाही. जमिनीवर अथवा उथळ पाण्यात वावरतो. सारस बहुधा जोडीने राहतात. नर आणि मादी मान वर करून एकामागून एक असा साद घालतात, की तो दूरवर ऐकू जातो. पावसाळ्यात धानाच्या बांधीत अथवा तलावाच्या कडेस गवताचा ढीग रचून सारस घरटे करतो आणि त्यात बहुधा दोनच अंडी घालतो. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि त्याच्या लगतच्या भागातच उरला आहे आणि अलीकडील गणनांत त्याची संख्या पन्नाशीच्याही आत आढळली आहे. एका वर्गात जितकी मुले बसतात, तितकेही सारस सबंध राज्यात नाहीत!

हे असे का झाले? विजेच्या तारा सारसाच्या वाटेत येतात. अवजड देहाच्या या पक्ष्यास ऐनवेळी वळता येत नाही आणि तो तारांवर आदळून मरतो. शेतात फवारलेले विष त्याच्या अन्नात उतरते. घरट्यांची नासधूस होते. तलाव आटले, बोड्या बुजल्या, की त्याचा आसराच जातो. तथापि सारे चित्र काळोखाचे नाही. आपल्या बांधीत सारसाचे घरटे आढळल्यास त्याभोवतीचा धानाचा तुकडा तसाच राखणारे शेतकरी या जिल्ह्यात आहेत. घरट्यांवर लक्ष ठेवणारे तरुण आहेत. दोन मण धान कमी येईल, पण सारसाची पिल्ले उडतील, असा हिशेब करणारा शेतकरी हा त्या पक्ष्याहून कमी दर्शनीय नाही. सहलीस जाणाऱ्या मुलांनी शक्य झाल्यास अशा एखाद्या शेतकऱ्याचीही भेट घ्यावी.

म्हणूनच तिसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे तलावाकाठची माणसे. पहाटे धुक्यातून एखादी लहानशी होडी येताना दिसते. ती ढीवरांची असते. मासे धरणे आणि तलावात शिंगाड्याचे पीक घेणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. शिंगाड्याच्या वेली पाण्यावर तरंगतात. पाण्यात उतरून, काट्यांपासून हात सांभाळीत शिंगाडे तोडावे लागतात. बाजारात उकडलेले शिंगाडे आवडीने खाणाऱ्यास त्या गार पाण्याची कल्पनाही नसते. काही वर्षांपूर्वी अनेक तलावांत बेशरम नावाच्या झुडपाने ठाण मांडले. हे झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेतील. कापले तरी पुन्हा फुटते, म्हणून लोकांनी त्यास हे नाव दिले असावे. त्याने काठ व्यापले, देशी पाणवनस्पती हटल्या आणि माशांचे चरण्याचे व अंडी घालण्याचे ठिकाण गेले. तेव्हा अर्जुनी मोरगावच्या बाजूस ढीवर समाजातील स्त्रिया पुढे सरसावल्या. त्यांनी चिखलात उतरून बेशरम मुळापासून उपटली आणि पूर्वीच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे परतले, त्यांच्यामागून पक्षीही परतले. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा राहतो, हे त्यांस आपल्या वाडवडिलांकडून कळलेले होते. ज्ञान केवळ पुस्तकात असते असे मानणाऱ्यांनी या स्त्रियांकडे पाहावे.

तलावाकाठच्या गावांत हिवाळा हा उत्सवाचाही काळ असतो. धान घरात आलेले असते, हातांस थोडी फुरसत असते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, दूरचे सोयरे जमतात आणि रात्री मंडपात झाडीपट्टीची नाटके रंगतात. हे नाटक पहाटेपर्यंत चालते आणि प्रेक्षक घोंगडी पांघरून शेवटच्या अंकापर्यंत बसून राहतात. शेतांत धानाच्या मागून लाखोळी आणि जवस डोलत असते. इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगावाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ मध्ये वसली. ज्या उंच प्रदेशातून हंस येतात, त्याच प्रदेशातून संकटकाळी निघालेल्या माणसांसही या तलावांच्या प्रदेशात थारा मिळाला, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. पक्षी ऋतू पालटताच परत जातात. ही माणसे येथीलच झाली.

प्रवासी आले तर गावास चार पैसे मिळतात, मग त्यांस इतके नियम कशास, असेही कोणी म्हणेल. प्रवासी यावेत, याविषयी मतभेद नाही. गावच्या खाणावळीत जेवावे, गावचे शिंगाडे आणि तांदूळ विकत घ्यावेत, वाट दाखविण्यास गावातलाच जाणता तरुण बरोबर घ्यावा. याने गावाचे भले होते. परंतु सारे खाद्यपदार्थ शहरातून बांधून आणावयाचे आणि गावास केवळ उष्टी पाने व कचरा द्यावयाचा, ही काही गावाची सेवा नव्हे. शिवाय ज्या पक्ष्यांसाठी आणि ज्या निवांतपणासाठी लोक येतात, तोच नाहीसा झाला तर उद्या येणार कोण? दूध हवे असेल तर गाय जपली पाहिजे, हे शेतकऱ्याच्या घरी लहान मुलासही ठाऊक असते.

सहल एका दिवसाची. पण तलावाशी ओळख एका दिवसात होत नाही. कै. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांध येथे राहिले. त्यांनी तलाव पाहिला तो वर्षानुवर्षे, सर्व ऋतूंत. आणि ज्यांचे आयुष्य तलावाकाठी गेले, त्या गावकऱ्यांकडून ते पुष्कळ शिकले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते आणि तीत हौशी लोकही भाग घेतात. म्हणून प्रत्येक शाळेने दूरचे दहा तलाव धावत पाहण्यापेक्षा जवळचा एकच तलाव निवडावा. हिवाळ्यात तीनदा तेथे पायी जावे. दिवस, वेळ, पाण्याची पातळी, दिसलेले पक्षी आणि त्यांची संख्या एका वहीत टिपून ठेवावी. पक्ष्याचे नाव ठाऊक नसेल तर त्याचे चित्र काढावे आणि गावातील जाणत्यास विचारावे. पुढील वर्षीच्या मुलांनी त्याच वहीत पुढची पाने लिहावीत. दहा वर्षांनी ती वही तलावाचे चरित्र होईल. त्यात काही कमी होत चालले असेल, तर ते कमी होत आहे हे वेळेवर कळेल. आणि कळले तरच उपाय करता येतो.

ज्याच्याजवळ मोठा तलाव नाही, त्याने खंत करू नये. गावचा पाझर तलाव, नदीचा डोह, शहराबाहेरचे तळे, यांपैकी काहीतरी बहुतेक ठिकाणी असते आणि हिवाळ्यात तेथेही कोणी ना कोणी पाहुणा उतरलेला असतो. पाहण्याची रीत एकदा अंगी बाणली, की पाहावयाच्या जागांस तोटा पडत नाही.

फाल्गुन लागतो. पाणी ओसरते, काठचा चिखल भेगाळू लागतो. एके दिवशी पाहावे तो बदकांचे थवे नाहीसे झालेले असतात; ते उत्तरेकडे निघून गेलेले असतात. तलाव, पाळ, शेते आणि माणसे तेथेच राहतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. पाहुणे पुन्हा येतील की नाही, हे त्यांस येथे काय मिळाले, यावर पुष्कळ अंशी ठरते. अन्न आणि शांतता मिळाली असेल, तर हिमालय त्यांच्या आड येत नाही. दगड आणि गोंगाट मिळाला असेल, तर आडवाट करून ते दुसरीकडे उतरतील. घरी आलेल्या पाहुण्यास सुखाने जेवू द्यावे, एवढा शिष्टाचार प्रत्येक मराठी घरात मुलांस शिकविला जातो. तोच तलावाच्या काठीही पाळावयाचा आहे. निराळे काही करावयाचे नाही.